दत्तापेक्षा मोठी खिडकी

हसू नका, पण दत्तावर मी जळतो, हे आमच्या पासली गावात सगळ्यांना ठावं हाय. दत्ता माझा धाकटा चुलतभाऊ. त्याचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर.

औंदाच्या पावसानं माझ्या खिडकीच्या लाकडी पट्ट्यांना पीळ पडला, चौकट फुगली आन् खिडकी उघडायचीच बंद झाली. तिकडं दत्तानं प्लास्टिकच्या नव्या खिडक्या बसवल्या. बायको रोज ऐकवायची, "दत्ताभावजींची खिडकी एका बोटानं सरकते."

शेवटी भोरच्या मिस्त्रीला इचारलं, "रंधा मारून जमंल का?"

"पुढच्या पावसात परत फुगंल. ॲल्युमिनियम घ्या, न्हाईतर प्लास्टिक."

म्या म्हणलं, "प्लास्टिकच बसवा. फक्त दत्तापेक्षा मोठी पायजे."

भिंत फोडून लई मोठी खिडकी बसवली. एका बोटानं सरकवली, तर बायको मागनं म्हणते, "बरं केलंत. आता दत्ताभावजींचं घर गाडीसकट सगळं दिसतंय."

दुसऱ्याच दिवशी म्या जाड पडदा आणून लावला. तर संध्याकाळी दत्ता दारात हजर. "दादा, पडदा झकास हाय. कुठनं आणलास?"

म्या दुकान सांगितलं न्हाई.