असू दे, अजून एक

आई : ...मग दुकानातल्या मुलाने मेमरी वाढवून दिली. तरी हा लॅपटॉप ढिम्मच! ‘जागा शिल्लक नाही, जागा शिल्लक नाही’, एकच तुणतुणं.

मुलगा : अगं आई, तू टेबल मोठं करून आणलंस. भरलंय ते कपाट.

आई : आता कपाट कुठून आलं मध्येच?

मुलगा : मेमरी म्हणजे काम करायचं टेबल. फोटोबिटो राहतात डिस्कवर, ते कपाट. आणि जरा कान लाव इथे. टक-टक ऐकू येतंय?

आई : ते केव्हापासून येतंय. मला वाटलं, काम करतोय बिचारा.

मुलगा : शेवटच्या घटका मोजतोय बिचारा! डिस्क खराब होत चाललीये. नवीन आणलीये मी. आधी सगळं हिच्यावर घेऊ, मग हिला आत बसवू. थांब... हे काय? ‘फोटो’. ठीक. ‘असू दे’. ‘असू दे अजून एक’. ‘असू दे हेपण’. ‘असू दे पुन्हा’. आई, सगळ्यांत तेच फोटो आहेत!

आई : असू दे ना मग. त्यांना हात लावू नकोस.

मुलगा : अगं, ह्यांनीच तर कपाट भरलंय.

आई : तुझे बाबा गेल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नसतो. लॅपटॉप जरा अडखळला, की मी एक कॉपी करून ठेवते.

मुलगा : एकाच डिस्कवर? घराच्या दहा किल्ल्या करायच्या आणि दहाही एकाच पर्समध्ये ठेवायच्या! पर्सच हरवली म्हणजे?

आई : बरं बाबा, तू शहाणा.

मुलगा : रुसू नकोस. पण एवढं आहे तरी काय त्यात? बाबा तर एकाही फोटोत नाहीत.

आई : कसे असतील? कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देतील तर शपथ. ‘तुम्ही माणसांची डोकी कापता’ म्हणायचे. पण तो भिंतीपाशी आपण उभे आहोत ना, तो फोटो नाहीये रे. ह्यांनी चुकून व्हिडिओचं बटण दाबलं होतं. आपण पुतळ्यासारखे उभे आणि हे मागून बोलतायत. ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. तेवढाच आहे.

मुलगा : हे मला कधी बोलली नाहीस.

आई : तू आलास, की आधी चार्जर शोधतोस. बोलणार कधी?

मुलगा : ...थांब. तोच आधी घेतो. ‘फोटो’मधला... छे. वाचता येत नाही म्हणतोय.

आई : म्हणजे गेला?

मुलगा : डिस्कचा तेवढा भाग गेलाय. दुसरा बघू. ‘असू दे’... हापण नाही. ‘अजून एक’... अर्ध्यात लटकला.

आई : मी आत जाते. मला नाही बघवत.

मुलगा : बस गं इथेच. ‘हेपण’... चाललाय... चाललाय... आला! आई, अख्खा आला! प्रत्येक कॉपी डिस्कवर वेगळ्या जागी बसते ना, ही चांगल्या जागेत बसली होती. म्हणून वाचली.

आई : म्हणजे पर्समधली किल्लीच लागली शेवटी.

मुलगा : लागली. घेतले माझे शब्द मागे.

आई : ते घे सावकाश. आधी लाव तो.

(पडद्यावर आई, ताई आणि शाळेच्या गणवेशातला मुलगा भिंतीपाशी ताठ उभे. कॅमेऱ्यामागून आवाज येतो.)

बाबांचा आवाज : हं, हलू नका. ठोंब्या, नाक नंतर खाजव. अहो बाईसाहेब, तिकडे काय, इकडे बघा, माझ्याकडे. हसा... अजून थोडं... हे बटण दाबलं गेलं की नाही, कोण जाणे. असू दे, अजून एक काढतो.

मुलगा : ठोंब्या. विसरूनच गेलो होतो मी.

आई : केवढा वेळ उभं केलं बघ आपल्याला! पाय दुखले होते माझे. चिडले होते मी.

मुलगा : हसतेयस की.

आई : ह्यांच्याकडे बघत होते ना. ...सगळं आलं का रे नवीन डिस्कवर?

मुलगा : आलं. हा व्हिडिओ माझ्या फोनवर घेतलाय, ताईलाही पाठवलाय.

आई : मग झालं की. आता ड्रॉवरमध्ये काय धुंडाळतोयस? चार्जर?

मुलगा : पेन ड्राइव्ह.

आई : तो कशाला आणखी? झाल्या ना एवढ्या कॉप्या?

मुलगा : असू दे. अजून एक.