दिगूचं एकट्याचं गाऱ्हाणं

ऐका. आधी ते मोबाईल बंद करा. तोंडावर उजेड मारून गोष्ट ऐकू येत नाही. आणि ताई, तुम्ही त्या तंबूच्या दारातून उठा, इकडं शेकोटीपाशी या. घाबरवत नाही हो. पण गोष्ट याच किनाऱ्याची आहे, आणि खाडी त्या सुरूच्या बनामागंच आहे, म्हणून म्हटलं.

तर एक माणूस रात्री घरातून निघाला. हातात नारळ, खिशात काडेपेटी आणि पोटात आग. बायको भांडी घासत होती. तिला म्हणाला, जरा जाऊन येतो. कुठं, ते सांगितलं नाही. चपला हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून, आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

कोण? आमचा दिगू. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. ज्याच्या तंबूत तुम्ही आज झोपणार आहात, तोच. हळू हसा. तो तिकडं जनरेटरशी झटतोय, पण कान तिखट आहेत त्याचे.

आता आग कसली, ते सांगते. आग जयवंताची. जयवंत म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा. दोघं चुलतभाऊ. एका ताटात जेवलेले, एका होडीत वाढलेले. मी दोघांची आत्या, दोघांचे कान उपटलेत.

या किनाऱ्यावर पहिला तंबू कोणी ठोकला? दिगूनं. लोक हसले होते. वाळूत कोण झोपायला येणार, म्हणाले. पण आले. पुण्याहून आले, कोल्हापूरहून आले. समुद्राची गाज ऐकत झोपायचं, सकाळी घावणे खायचे, दुपारी तळलेली सुरमई. दिगूचं बरं चाललं. छाती काढून चालायचा. मग जयवंत मुंबईहून परत आला, आणि येताना काय घेऊन आला? एक जुनी बस. आम्हाला वाटलं, भंगारात विकायला आणली. तर यानं तिच्यात घर केलं! पलंग काय, बेसिन काय, पंखा काय, खिडक्यांना फुलाफुलाचे पडदे. बाहेर कापडाचं छत ताणून दोन खुर्च्या. चाकांवरचं घर, आणि उभं कुठं केलं? दिगूच्या कुंपणाला लागून, ऐन समुद्रासमोर.

झालं. जो येईल तो बशीत. बशीत राहायचंय, बशीचा फोटो हवाय. ज्यांच्या स्वतःच्या तसल्या गाड्या असत, तेही जयवंताकडंच लावू लागले, कारण त्यानं गाड्यांना जोडायला विजेचे खांब केले होते. दिगूचे तंबू रिकामे. नुसते वाऱ्यावर फडफडायचे.

दिगूला ते सोसेना. खरं सांगते, माझा भाचा असला तरी सांगते, तो जळत होता. रात्री अंथरुणातून उठून कुंपणाशी जायचा आणि पलीकडं किती गाड्या लागल्यात ते बघायचा. तिकडून हसण्याचा आवाज आला की याला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. बायको एकदा चुकून जयवंताच्या बायकोबद्दल म्हणाली, रेश्माची सोलकढी छान होती हो. दिगू दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आणि कहर म्हणजे त्याचा कुत्रा. बंड्या. पिल्लू असल्यापासून याच्या हातचं खाल्लेला. तोसुद्धा जाऊन जयवंताच्या बशीखाली झोपायला लागला. तिथं सावली गार होती, कुत्र्याला काय कळतंय? पण दिगूला ते सगळ्यात जास्त लागलं. मला म्हणाला, आत्ये, कुत्रा पण नेला गं त्यानं.

म्हणून त्या रात्री नारळ घेऊन निघाला.

आता आमच्याकडं गाऱ्हाणं घालतात, ते तुम्हा घाटावरच्यांना ठाऊक नसेल. काही नवं करायचं असलं, संकट आलं, की देवासमोर नारळ ठेवायचा आणि एकानं मागणं मागायचं. बाकीचे मागं उभे राहतात, आणि दर मागण्याला सगळ्यांनी म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा.’ त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. का असतो तो होकार? तर मागणाऱ्यानं भलतंसलतं मागू नये म्हणून. वाईट मागितलंस तर मागचे गप्प राहतील ना? ती खरी राखण. म्हणून गाऱ्हाणं कधी एकट्यानं घालत नाहीत. कधीच नाही.

दिगूला हे माहीत नव्हतं? पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण जे मागायचं होतं, त्याला होकार देणारं माणूस गावात मिळालं नसतं. म्हणून एकटा गेला.

खाडीच्या काठानं एक पाऊलवाट आहे. तिच्या टोकाला करंजाचं झाड, आणि झाडाखाली आमच्या राखणदाराचा दगड. एका बाजूला केवडा, एका बाजूला पाणी. भरती सुरू झाली होती. पाणी काठाला चुबुक चुबुक लागत होतं. दिगूनं नारळ ठेवला, अगरबत्ती लावली, हात जोडले.

म्हणाला, “बा देवा म्हाराजा, बारा वाटेच्या राखणदारा म्हाराजा. जयवंताकडे जाणारे सगळे पावणे माझ्याकडे वळव म्हाराजा.”

आणि थांबला. सवयीनं थांबला. गाऱ्हाण्यात थांबतातच तिथं.

आणि ऐका. मागून, खाडीच्या बाजूनं, हळूच आवाज आला.

“व्हय म्हाराजा.”

दिगूच्या अंगावर काटा आला. वळून बघितलं. कोणी नाही. पाणी आणि काळोख. शहाणा असता तर तिथंच नारळ टाकून पळाला असता. पण मनात काय आलं त्याच्या? की देवानंच होकार दिला. माणसाला हवं ते ऐकू आलं की कोणी म्हटलं ते तो विचारत नाही. पुढं म्हणाला, “त्याची गाडी रिकामी ऱ्हवांदे रे म्हाराजा.” मागून पुन्हा, “व्हय म्हाराजा.” आता एक आवाज नव्हता. चारपाच होते. ओले आवाज. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसासारखे.

ते कोण होते, विचारू नका. खाडीत राहणाऱ्यांची नावं आम्ही रात्री घेत नाही. त्या खाडीनं आमची किती माणसं नेली, एवढं सांगते आणि पुढं जाते.

दिगू परत निघाला. पावलं हलकी झाली होती. थोडं चालतो तोच समोर उजेड. दोन दिवे, गाडीचे. त्या वाटेनं सायकल जात नाही, आणि समोर गाडी! पांढरी, लांबलचक, जयवंताच्या बशीच्या दुप्पट. खिडक्यांना पडदे, छतावर दिव्यांची माळ. आवाज म्हणाल तर काही नाही. दिगूच्या पुढ्यात येऊन थांबली. काच खाली झाली. आतलं माणूस काळोखात, तोंड दिसेना.

“दिगूंचा कॅम्प कुठं आहे?” अगदी शहरी बोलणं. “आम्ही जयवंतांकडं जाणार होतो. पण आता तिकडं नाही जायचं.”

दिगूला काय आनंद झाला म्हणता! इतक्या लवकर फळ मिळालं. म्हणाला, मीच दिगू, मागोमाग या, वाट दाखवतो.

“पाणी आहे ना?” आतल्या माणसानं विचारलं.

आता हा प्रश्न तुम्ही सगळेच विचारता. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तेच विचारतो. दिगू म्हणाला, आहे, भरपूर आहे.

तो पुढं, गाडी मागं. वळून बघतो तर तिच्यामागं आणखी एक गाडी. तिच्यामागं आणखी. सगळ्या पांढऱ्या, दिव्यांची रांगच्या रांग खाडीकाठानं येतेय. दिगूला वाटलं, एवढ्या गाड्या जयवंताच्या बापजन्मात लागल्या नसतील. जेवणाचं सांगावं म्हणून तो खिडकीशी गेला. म्हणाला, सुरमई आहे, कोलंबी आहे, ताजी बोयटं आहेत.

आतली बाई म्हणाली, “आम्ही मासे नाही खात. मासेच आम्हाला खातात.” आणि आतले सगळे हसले. दिगूही हसला. शहरातली माणसं काहीही बोलतात, त्याला वाटलं. पडद्याआड त्याला केस दिसले, सगळ्यांचे ओले, चापून बसलेले. आत्ताच आंघोळी केल्यात की काय? केल्या असतील.

“पाणी आहे ना?” पुन्हा विचारलं. आहे म्हणाला.

आता इथून त्याची वाट उजवीकडं जाते, पाणंदीनं वर, घराकडं, तंबूंकडं. आणि डावीकडं जयवंताची जागा. दिगू उजवीकडं वळणार, तर गाडीतून कोणी म्हणालं, “जयवंतांच्या दारावरून जाऊ या की. त्यांना दिसू तरी दे.”

इथंच त्या आवाजानं दिगूला धरला. कुठं धरायचं ते बरोबर ठाऊक होतं. दिगूच्या मनातलंच ते. ही रांग जयवंतानं बघावी, उभं राहून बघावी, आणि त्याला झोप लागू नये. तो डावीकडं वळला. समोर दिसलंही तसंच. जयवंताची बस अंधारात, पडदे फाटलेले, पायरीवर जयवंत डोकं धरून बसलेला. आणि पलीकडं दिगूचे तंबू सगळे आतून उजळलेले. बंड्यासुद्धा याच्या दारात शेपूट हलवतोय. दिगूला ते डोळे भरून बघायचं होतं. जरा जवळून. अजून जरा जवळून. पाय गार लागले, त्याला वाटलं दव पडलंय. लेंगा ओला झाला, वाटलं गवत ओलं असेल. तो हात हलवून मोठमोठ्यानं गाड्यांना बोलवत होता, या, इकडून या, जयवंता बघ रे, बघ.

“पाणी आहे ना?” आता आवाज कानाशी आला.

आणि दिगूच्या छातीला पाणी लागलं.

तो खाडीत होता हो! ऐन मुखाशी, जिथं भरती समुद्राकडून आत लोटते तिथं. ना तंबू, ना बस. चारी बाजूंनी ते पांढरे दिवे पाण्यावर गोल धरून उभे. आणि पाय वाळूत रुतलेले. ओढतोय, निघत नाहीत. खालून कोणी धरल्यासारखे. बोंब मारली तर तोंडात खारं पाणी.

तिकडं जयवंताच्या बशीखाली काय झालं? बंड्या उठला. ज्याच्या हातचं खाल्लं, त्याचा आवाज त्यानं ओळखला. असा भुंकला, असा भुंकला, की जयवंत उठून बाहेर आला. कुत्रा खाडीकडं धावतोय आणि पाण्यात कोणी ओरडतंय. त्यानं बस चालू केली, छत फाटलं, खुर्च्या उडाल्या, त्याची पर्वा केली नाही, आणि वळवून तिचे दिवे खाडीवर मारले. पिवळे, मळके दिवे. त्यात त्याला दिगूचं डोकं दिसलं.

जयवंत काठावरून म्हणाला, “दिगू, माझ्या दिव्याकडे बघ. दुसरीकडे बघू नको. बघीत चालत ये.”

आणि दिगूच्या कानाशी तो शहरी आवाज म्हणाला, “त्याच्या उजेडात जाणार? मग तो जन्मभर सांगत फिरेल, मी दिगूला काढला म्हणून. एकदा होय म्हण. त्याचे दिवे आत्ता विझवतो.”

आणि मी तुम्हाला खोटं सांगत नाही, तापातून उठल्यावर दिगूनंच मला सांगितलं, आत्ये, मी विचार केला. गळ्याशी पाणी होतं आणि मी विचार केला. इतका तो जळत होता. मग बंड्या भुंकला. पाण्यात उतरून, पोहत, याच्याकडंच यायला निघाला होता तो.

तेव्हा दिगूनं हात जोडले. घातलेलं गाऱ्हाणं त्याच तोंडानं मागं घ्यावं लागतं. ओरडला, “बा देवा म्हाराजा, चुकलंय म्हाराजा. जयवंताचे पावणे जयवंताकडे जावंदे. माझे माझ्याकडे येवंदे. आणि खाडयेतले खाडयेत ऱ्हवांदे म्हाराजा.”

आणि थांबला. आता होकार कोण देणार?

जयवंत एव्हाना पाण्यात उतरला होता. त्याला काय चाललंय ते ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्या माणसासमोर गाऱ्हाणं म्हटलं की तोंड आपोआप उघडतं. हात आपोआप जुळतात. त्यानं कमरेएवढ्या पाण्यात उभ्याउभ्या खणखणीत आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

जित्या माणसाचा होकार. भावाचा होकार. पांढरे दिवे एकेक करून पाण्याखाली गेले. दिगूचे पाय सुटले. जयवंतानं छताचा दोर टाकला आणि त्याला ओढून काढला, कुत्र्यासकट.

मग त्याला बशीतच नेला. त्या पलंगावर निजवला, रेश्मानं दोन चादरी घातल्या, मी पेज पाजली. थरथरत पडला होता. सगळ्यांना वाटलं, आता सुधारला. डोळे उघडले, गादी हातानं चाचपली, आणि मला हळूच काय विचारलं? “आत्ये, ही गादी यानं कुठून आणली?” मी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली.

म्हणून सांगते, ऐका. उद्या सकाळी फिरायला जा, समुद्रावर जा, शंख वेचा. पण खाडीकाठच्या त्या वाटेला दिवे लागल्यावर पाऊल टाकू नका. टाकलंच चुकून, तर मनात कोणाचं वाईट आणू नका. आणि आलंच, आणि मागून कोणी होय म्हणालं, तर आधी वळून बघा, होय म्हणणारा कोण आहे ते. दिसला नाही तर धूम ठोका.

आणि आता हळूच मागं बघा. तो कुंपणाशी उभा आहे ना, तो दिगू. रोज असाच उभा असतो. जयवंताच्या गाड्या मोजतो, अजूनही, आणि अजूनही त्याचं पोट दुखतं. पण त्या रात्रीपासून जयवंत झोपायच्या आधी बशीच्या मागं खाडीच्या बाजूला एक पिवळा दिवा लावतो, आणि तो लागेपर्यंत दिगू अंथरुणाला पाठ टेकत नाही. एकदा उशीर झाला होता, तर हा हातातलं ताट टाकून धावत गेला होता, जयवंता बरा आहेस ना म्हणून.

तो बघा, लागला दिवा. आता जाईल तो झोपायला. तुम्हीही जा.