जुबेदा टीचरनी सुनीलला विचारलेला प्रश्न

इक्बालभाई, शाळेतल्या सगळ्या टीचर, इथल्या मराठी मंडळातली मंडळी, आणि माझ्या कंपनीतून शिफ्ट बदलून आलेल्या मैत्रिणींनो, मला माइकवर बोलायची सवय नाही. परवा दुपारी टीचरचे यजमान इक्बालभाई आणि बाकी पुरुष मंडळी टीचरना कब्रस्तानात पोचवून आली. तेव्हापासून मनात म्हणतेय, टीचर गेल्या. टीचर गेल्या. अजून खरं वाटत नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली. माझी मुलगी ईरा जुबेदा टीचरच्या इतिहासाच्या वर्गात होती. टीचर दापोलीकडच्या, मी चिपळूणची. पण आमची गाठ पडली ती अमेरिकेमुळे. हसू नका, खरंच सांगते.

टीचरचा एक नियम होता. धडा इंग्रजीत शिकायचा आणि घरी जाऊन आईला मराठीत सांगायचा. आमच्या ईराची मराठी तुम्हाला माहीतच आहे! एक दिवस ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, वर्ल्ड वॉर झाला ना, तेव्हा अमेरिकेतले पुरुष लढायला गेले. मग फॅक्टरीत बायका गेल्या. त्यांनी विमानं बनवली. जहाजं पण."

माझा लाटणं धरलेला हात थांबला. कारण मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली बाई. लग्न करून इथे ओमानात, सोहारला आले आणि डिप्लोमा बॅगेतच राहिला. मी विचारलं, "आणि पुरुष परत आल्यावर त्या बायकांचं काय झालं?"

ईरा म्हणाली, "ते धड्यात नाहीये."

पालकसभेला मी टीचरना तेच विचारलं. त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काय गो, एवढी वर्षं शिकवतेय, कोणाच्या आईने हे विचारलं नव्हतं." मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ जणींना कामावरून कमी केलं. काळ्या बायकांना तर पहिल्यांदाच बरं काम मिळालं होतं, त्यांतल्या कितीतरी पुन्हा दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करायला गेल्या. काही जणी आनंदाने घरी परतल्या, हेही टीचरनी सांगितलं. त्या कधी एकच बाजू सांगायच्या नाहीत.

त्यानंतर माझ्या घरी लढाई आली. माझा नवरा सुनील इथल्या औद्योगिक वसाहतीत काम करताना उंचावरून पडला. पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल. गावाहून सगळ्यांचे फोन, "परत या." टीचर मात्र घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुझा डिप्लोमा काढ बघू." इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत त्या स्वतः मला घेऊन गेल्या. मुलाखत होईपर्यंत बाहेर उन्हात गाडीत बसून राहिल्या. मी बाहेर येऊन नोकरी मिळाली म्हणून मान हलवली, तर माझ्याआधी त्याच रडल्या.

मी कामाला लागले. सुनील हळूहळू भिंत धरून चालायला लागला. वरणभात लावायला शिकला, ईराची वेणी घालायला शिकला. आणि एक दिवस त्याच्या कंपनीने त्याला स्टोअरमध्ये, बसून करायच्या कामावर परत घेतलं.

त्या संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन टीचरना घरी बोलावलं. सुनील फार प्रेमाने म्हणाला, "टीचर, हिने खूप सोसलं. आता खलास. आता ही आराम करेल." मी चहा ओतत राहिले. तो माझ्या भल्याचंच सांगत होता ना?

टीचरनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "सुनीलभाऊ, त्या अमेरिकेतल्या बायकांचे सरकारने आभार मानले. छातीवर लावायला बिल्ले दिले. पुष्कळ जणींना एकच गोष्ट कोणी विचारली नाही, की बाई, तुला काय हवंय? तुम्ही हिला विचारलंत?"

सुनील माझ्याकडे वळून म्हणाला, "वैशाली, तुला काय हवंय?"

मंडळी, मला तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. माहेरीही नाही. मी म्हटलं, "मला उद्या कामावर जायचंय." सुनील हसला. "मग डबा मी करतो," म्हणाला. तो तिथे मागे बसलाय. अजून करतो.

आजारपणात टीचर फार बारीक झाल्या होत्या. त्या शेवटच्या दुपारी मी शिफ्टवरून तशीच, सेफ्टी शूजमध्ये हॉस्पिटलला गेले. इक्बालभाई नमाजाला गेले होते. टीचर हळूच म्हणाल्या, "आज काय काम केलंस? सांग." मी सांगायला लागले. शेतातल्या पाण्याच्या पंपाचं पॅनल होतं, वायरिंग चुकलं होतं, ते कसं शोधलं. त्यातलं त्यांना कळत नसणार. तरी माझा हात धरून ऐकत होत्या. ऐकता ऐकता डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, बरं झालं. तरी मी थांबले नाही. पंप सुरू झाला, पाणी आलं, तिथपर्यंत सगळं सांगितलं.

त्या पुन्हा जाग्या झाल्या नाहीत.

इक्बालभाई, त्या दुपारी त्यांच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून मी आज उभी राहिले.

आता आपण सगळेच उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलायला नको. ज्याची जी प्रार्थना असेल, ती त्याने मनात म्हणावी.

टीचर, सलाम.