वरचे प्लग, खालचे प्लग

बायामोन शहरातल्या स्पेअरपार्टच्या दुकानात रांगेत उभी होते. बाळ खांद्यावर नुकतंच झोपलं होतं. माझ्यापुढे एक नवराबायको दबक्या आवाजात भांडत होते. तिच्याही कडेवर तान्हं होतं.

"रोटरी इंजिनात वरचे स्पार्क प्लग खाली नि खालचे वर लावलेस, चागो?"

"चुकून झालं गं, नेगा."

"लाडाने नेगा-बिगा म्हणू नको. तुझ्या बापाने तुला रोटरीच्या आवाजावर झोपवलंय. प्लगवर अक्षरं असतात, तरी चुकलास?"

"गडबडीत होतो."

"सरावाला गाडी ठसके देत होती. आणखी दामटली असती तर इंजिन फुटलं असतं!"

"तू दामटणार नाहीस, ठाऊक होतं मला. वाटलं, गाडी बिघडली म्हणून रविवारची शर्यत सोडशील."

"म्हणजे मुद्दाम केलंस?"

"झोराइदा, लेकरू अजून अंगावर पितंय."

"थोरला पीत होता तेव्हा तू गेलासच की शर्यतीला! मी लावला होता हात तुझ्या इंजिनाला?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो ना? काका, रोटरीचे प्लग द्या, दोन वरचे, दोन खालचे. चागो, बाळाला धर. प्लग मी बसवते. आणि रविवारीही तूच धरायचंस."