दोघांच्या जेवणाचा निरोप

फेरीबोटीच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

“पलीकडच्या खानावळवाल्या काकूंना सकाळी दोघांच्या जेवणाचा निरोप कुणी दिला?”

“मीच दिला.”

“आणि आत्ता या धक्क्यावर मासे कुणी हाणले?”

“अगं, नुसती चव बघत होतो.”

“रस्सा तीनदा मागून?”

“वासानं पाय अडला गं. इथे एवढी झकास खानावळ असेल, कुणाला ठाऊक! काकूंना फोन करून नको म्हणू का?”

“त्या निरोप आला की मगच होडीवरून मासे घेतात. आत्ता ते चुलीवर असतील. ताटात टाकलंत, तर पुन्हा दारात उभं करणार नाहीत.”

“त्यांच्या हातची चव दुसरीकडे नाही. काहीतरी कर ना.”

“केलंय की. मघाशी मी नुसता चहा घेतला.”

“मला वाटलं, तुला तिथलं आवडलं नाही.”

“आवडलं नाही? तुमच्या ताटाकडे बघून जीव कासावीस झाला होता. पण दोघांपैकी एकानं तरी उपाशी राहायला हवं होतं.”

“म्हणजे माझं ताटही तूच संपवणार?”

“संपवते. तुम्ही फक्त हात धुऊन शेजारी बसा, आणि मधूनमधून वा वा म्हणा.”