कागदावर नसलेला थांबा

या मायबापहो, जरा जवळ सरका. होटगी स्टेशनच्या बाकावर ऐकलेली एकाहत्तर सालची गोष्ट सांगतो. कंपनीची छोटी रेल्वे सरकार विकत घेत होतं. रूळ बदलणारा पॉइंट्समन ईश्वरप्पा सौद्याच्या बैठकीतून धावतच आला, तेव्हा बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोचा, गुरम्माचा, जीव टांगणीला लागला होता.

“अवो, आपला माळावरचा थांबा ऱ्हायला का?”

“सरकारी सायेब म्हनला, कागदावर न्हाय तितं गाडी थांबनार न्हाय.”

“चाळीस वर्सं थांबतीया की! तुमच्या अव्वानं रांजण भरून गाडीतल्या मानसांस्नी पानी पाजलं तवापासनं!”

“दम धर की! मग मालाची यादी सुरू झाली. इंजिनं दोन, डबे सात... मी मधीच वरडलो, रांजण एक!”

“सायबाम्होरं? घरात तर मीठ मागायला भ्येता!”

“सायेब म्हनला, कुटं हाय? म्हनलो, माज्या आईच्या, चंद्रव्वाच्या थांब्यावर. कंपनीचा सायेब हसला, म्हनला लिवा, मीबी तितलंच पानी पितो. लिवलं की! सरकारी माल तितं थांबा आलाच!”

“म्हंजी अव्वाचा रांजण सरकारला दिला?”

“दिला! म्हनून तर गाडी थांबंल.”

“मग उठा की, भरायला नको व्हय?”

श्रोतेहो, प्रवासात कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्या चंद्रव्वाची तेवढी आठवण ठेवा.