मधाचं बोट

(वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यातली बाळंतपणाची खोली. भरदुपार. कळा सुरू झालेली आकांक्षा, तिची सासू देवकाबाई आणि सिस्टर चारुता.)

देवकाबाई : लेट व माय आता, लेट! कळा येऊन राह्यल्या अन् हे पोरगी बजारात हिंडल्यावानी हिंडते. सिस्टरबाई, सांगा ना हिले कायी!

चारुता : मीच सांगितलंय हिंडायला, आजी. उभं राहिलं, चाललं की बाळाला खाली सरकायला सोपं जातं. तुम्ही कंबर चोळून द्या तिची.

देवकाबाई : मी? आमच्या वक्ती तं घरच्या मानसाले दाराबाहीरच उभं ठेवत.

चारुता : आता जवळचं माणूस आत असलेलं बरं. बाई घाबरत नाही, बाळंतपणही सोपं जातं. आकांक्षानं तुमचंच नाव सांगितलं.

देवकाबाई : माह्यं? तिची मम्मी आली असती ना आंजीवरून!

आकांक्षा : मम्मी रडते वो. तुमी भांडता. मले भांडनारी पाह्यजे होती... कळ आली, आली! आई, धरा!

देवकाबाई : धरली. चोळून राह्यली ना मी. सोड श्वास. सोड... गेली ना?

आकांक्षा : गेली. आई, तुमच्या कंबरेले हे काय खोसलं? टोचते मले.

देवकाबाई : कायी नाई. तपकिरीची डबी.

चारुता : बघू? आजी, हा तर मध आहे!

देवकाबाई : हाव, मध! चोरी नाई केली मी. लेकरू आलं का पहिलं बोट मी चाटवनार. ज्याचं बोट, त्याचा सभाव. आमच्या चंदनले घुम्या मोतीलालमामानं चाटवला. पाहा आता, बायको इथं अन् तो बाहीर बसून. काय झालं, इतकंही विचारत नाई.

आकांक्षा : हसवू नका वो!

चारुता : हसू दे तिला, चांगलंच आहे. पण मध नाही हं, आजी. एवढ्याशा बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही.

देवकाबाई : मंग मी काऊन आली इथं? दूध हिचं, नाव आत्या ठेवनार, दवाखाना तुमचा. माह्या वाट्याले हे एक बोट होतं, थेही नाई?

आकांक्षा : आई, मंग भांडा! कंबर सोडू नका! मले खाली बसावं वाटते.

चारुता : बस की. उकिडवी बस, जमेल तशी. अंगाला वाटेल तेव्हाच जोर लाव, उगाच नको. आजी, मागून धरा हिला. घट्ट.

देवकाबाई : टेक माह्यावर. मी हलत नाई. लाव... व माय, केस दिसले! आकांक्षा, केस दिसले व, काळे कुळकुळीत!

चारुता : हळू... हळू... आली! मुलगी! घे गं, घे छातीवर.

आकांक्षा : आई, रडली! आपली रडली!

देवकाबाई : रडन नाई तं काय, माह्यी नात आहे थे! सिस्टरबाई, नाळ कापा ना, वाट काय पाहून राह्यल्या?

चारुता : थोडं थांबू. नाळेतलं रक्त तिचंच आहे, जाऊ दे तिच्या अंगात.

देवकाबाई : अन् आंघोळ?

चारुता : आज नाही.

देवकाबाई : आज कायीच नाई म्हनता तुमी. थांबा, थांबा! हे काय करते? सरकून राह्यली! आकांक्षा, हलू नको. कोनी शिकवलं व हिले? लागली! प्याले लागली!

आकांक्षा : मधाबिगर लागली, आई.

देवकाबाई : चूप. पाहू दे मले.

आकांक्षा : सिस्टर... चक्कर येऊन राह्यली.

चारुता : घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. पडून राहा, पाणी पी. नाळ कापून झालीय. आजी, तुमच्या ब्लाऊजचे हुक काढा.

देवकाबाई : अं?

चारुता : तोवर बाळाला तुम्ही उघड्या छातीवर घ्यायचं, वरून पांघरूण. तिला माणसाच्या अंगाची ऊब हवी. आजीची चालते.

देवकाबाई : माह्या अंगाले? एवढी कोवळी? माह्या हातातून...

चारुता : बसा टेकून. हं. अशी.

देवकाबाई : बाप्पा! कशी चिपकली! श्वास लागते हिचा मले, सिस्टरबाई. काय करू मी? रडू येऊन राह्यलं मले.

चारुता : रडा की. आकांक्षा, बीपी छान आहे तुझं. बरं वाटतंय ना?

आकांक्षा : हाव. आई, द्या आता इकडं.

देवकाबाई : थोडी थांब व पोरी. चंदन झालता तवा कपड्यात गुंडाळून नेलता त्याले. मले सांजच्याले दाखवला. असा अंगाले लागलाच नाई तो माह्या.

आकांक्षा : राहू द्या, आई. मले घाई नाई.